आधी सात, मग चाळीस : दुसरीच्या वर्गातल्या संख्यांच्या नोंदी (२०२४-२५)

जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, मराठी माध्यम, सांगली जिल्ह्यातला कर्नाटकच्या सीमेलगतचा जत तालुका. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. दुसरीत ११ मुलं. त्यातल्या ५ जणांच्या घरी मराठी, ६ जणांच्या घरी कन्नड. शाळेच्या आवारातच अंगणवाडी. नोंदींत मुलांची नावं घालणार नाही. ज्याची जी आवडती वस्तू तीच त्याची खूण: मोळी, मेंढी, भोवरा, बांगडी वगैरे.

१८ जून २०२४, मंगळवार

शनिवारी शाळा उघडली. आज दुसरीला दहा संख्या सांगितल्या, पाटीवर लिहायला. हीच मुलं मार्चमध्ये १ ते १०० घडाघडा म्हणत होती आणि मी समाधानी होते. निपुण भारतच्या (लहान वर्गांतल्या वाचन-लेखन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या) उद्दिष्टांप्रमाणे पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंत वाचता-लिहिता यावं, दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंत. म्हणजे आजचं काम मागच्या वर्षीचंच होतं.

सत्तेचाळीस सांगितले, सहा जणांनी ७४ लिहिले. त्रेसष्टला पाच जणांच्या पाटीवर ३६. एकोणतीसला चार जणांनी ३९ लिहिले, एकाने १३०. बावन्नला चार पाट्या कोऱ्या. चाळीस, साठ, पंचावन्न सगळ्यांचे बरोबर.

मी पाट्या तपासत, फुल्या मारत चालले होते. पाचव्या पाटीशी मुलाने खडू धरलेला माझा हात अडवला. म्हणाला, "बाई, तुम्हीच म्हणला की सत्ते-चाळीस. आधी सात."

त्याच्या पाटीवर आधी सात होता, मग चार. मी जे बोलले होते ते त्याने त्याच क्रमाने लिहिलं होतं. फुली मारून झाली होती. मी ती पुसली, पण बरोबरची खूणही करता येईना. पाटी तशीच त्याच्या हातात दिली.

नोकरीची नववी शाळा उघडतेय. आजवर हे सात-चार किती पाट्यांवर पाहिलं असेल! दर वेळी "उलटं लिहिलंस" एवढंच म्हणून पुढे गेले.

२० जून, गुरुवार

परवाच्या पाट्यांचे फोटो काढून ठेवले होते. रात्री चुका वेगवेगळ्या करून पाहिल्या, तर तीन प्रकार निघाले.

पहिला, अंक आरशातल्यासारखा फिरलेला. आपल्या देवनागरीत २, ३, ६, ९ या अंकांचं असं होतंच. या वयात ते स्वाभाविक आहे, बहुतेकांचं हळूहळू सुटतं. ११ जणांत दोघांचं आहे. त्याची काळजी नाही.

दुसरा, अंक नीट पण जागा बदललेल्या. हे फक्त बोललेली संख्या लिहिताना होतं. फळ्यावर ४७ लिहून "बघून काढा" म्हटलं तर एकही मूल ७४ काढत नाही. म्हणजे डोळ्यांत दोष नाही, हातात नाही, डोक्यातही नाही. गडबड कान आणि हात यांच्या मध्ये होते, आणि ती आपल्या भाषेने घातली आहे. मराठीत एकवीसपासून पुढे एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी. पंचावन्न कुणाचे चुकले नाहीत याचं कोडंही सुटलं. दोन्ही अंक पाचच, उलटे केले तरी तेच. यापुढे तपासणीसाठी ३३, ४४, ५५ घ्यायचे नाहीत, त्यातून काहीच कळत नाही.

तिसरा, एकोणवाले. एकोणतीस ऐकलं की मुलाला तीस ऐकू येतं. नऊ यायला हवा हेही आठवतं, मग ३९.

३६ आणि ६३ ची आणखी एक गंमत आहे. देवनागरीत तीन आणि सहा एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे. त्यामुळे या जोडीत जागाही बदलते आणि तोंडही फिरतं. आज दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवली, हा छत्तीस. मग समोरासमोर बसवली, हा त्रेसष्ट. "भांडण झालं की छत्तीस, बट्टी झाली की त्रेसष्ट," असं बांगडीने लगेच जाहीर केलं. छत्तीसचा आकडा कशाला म्हणतात हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

२५ जून, मंगळवार

आइसक्रीमच्या काड्या, रबर, चिंचोके, आणि बेंदराच्या सणाला मुलांनी केलेले मातीचे बैल. आधी नुसतं मोजणं. भोवऱ्याने ३४ चिंचोके एकेक करून मोजले, मध्ये शिंक आली, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा चुकल्यावर तो रडकुंडीला आला. तेव्हा "दहा-दहाचे गठ्ठे करूया का?" असं विचारायला योग्य वेळ आली. ही सूचना मी पहिल्याच मिनिटाला दिली असती, तर ती माझी रीत झाली असती. तीनदा चुकल्यावर त्याला ती स्वतःला हवी होती.

पाटीवर भांडलेल्या मुलाने दहा काड्यांना रबर लावलं आणि म्हणाला, "झाली मोळी."

त्याचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. तोडलेल्या उसाची मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, हे त्याने फडात बघितलेलं आहे. माझ्याकडे शब्द होता 'दशक'. त्याच्या शब्दात दशक दिसतं, बांधता येतं, सोडताही येतं. वर्गाने तो शब्द लगेच उचलला. आजपासून आमच्याकडे चार मोळ्या आणि सात सुटे. त्याची नोंदींतली खूणही ठरली.

४ जुलै, गुरुवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

मेंढी ही दुसरीतली मुलगी. घरी कन्नड. आजोबांची माडग्याळी जातीची मेंढरं आहेत. गेल्या वर्षीच्या माझ्या वहीत तिच्यापुढे लिहिलंय: "प्रतिसाद कमी. संख्याज्ञान कच्चे." १८ जूनला तिने दहापैकी सात जागा कोऱ्या सोडल्या होत्या.

आज अंगणवाडीताई हजेरीपट मागायला वर्गात आल्या. मी मेंढीला काड्या दाखवून "किती?" विचारत होते आणि ती खाली बघत होती. ताई दारातून म्हणाल्या, "मॅडम, तिला कन्नडमधून विचारा की."

मला येत नाही. माझं माहेर वाईकडचं. ताईंनीच विचारलं. मेंढीने चार मोळ्या आणि सात काड्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "नलवत्तेळु." तिच्या हातात पाटी दिली. तिने ४७ लिहिले. आधी चार, मग सात.

नलवत्तु म्हणजे चाळीस, एळु म्हणजे सात. बोलतात त्याच क्रमाने लिहायचं. मग ताईंनी सहाही कन्नड मुलांना तेच दहा आकडे कन्नडमधून सांगितले. अरवत्तमूरु: ६३. इप्पत्तोंबत्तु: २९, वीस आणि नऊ, तिथे एकोण वगैरे काही नाही. दोघांना साठाच्या पुढचे शब्द माहीत नव्हते, तिथे ते थांबले. पण जे लिहिलं त्यात एकाही आकड्याची अदलाबदल नाही.

म्हणजे वर्षभर ज्या मुलीला संख्या कळत नाहीत असं मी धरून चालले होते, तिला संख्या कळत होत्या. तिला कळत नव्हतं ते 'सत्तेचाळीस' हा शब्द. गेल्या वर्षीची ती ओळ मी खोडली. खोडलेली दिसावी म्हणून एकच रेघ मारली.

११ जुलै, गुरुवार

मुलांबरोबर मिळून 'दोन' शोधले. शेवटी दोन असलेल्या सगळ्या संख्या फळ्यावर लिहिल्या आणि मोठ्याने म्हटल्या: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. यात 'दोन' हा शब्द कुठेच नाही! बा, ब, बे, ब्या, ही सगळी त्याची सोंगं. पाढ्यातला 'बे एके बे' मुलांना आठवला, त्यामुळे 'बे' लगेच सापडला.

पन्नास तर त्याहून लबाड. बावन्नमध्ये 'वन्न', त्रेपन्नमध्ये 'पन्न', पंचावन्नमध्ये पुन्हा 'वन्न'. बावन्नला चार पाट्या कोऱ्या का होत्या ते समजलं. मुलाने ऐकलेल्या शब्दात ना दोन होता ना पन्नास.

आम्ही मोठी माणसं ९९ शब्द पाठ करून बसलोय म्हणून त्यांचा अवघडपणा जाणवत नाही. कन्नड मूल दहापर्यंतचे आकडे, अकरा ते एकोणीसचे शब्द आणि दशकांची नावं शिकलं, की पुढचं स्वतः जोडू शकतं. मराठी मुलाला शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक शब्द नवा. याचा अर्थ मराठी वाईट असा नाही. वेळ जास्त द्यावा लागेल आणि तो वेळ मुलाच्या नावावर 'कच्चा' म्हणून मांडायचा नाही.

वर्गातला उपक्रम: मेंढी आणि आणखी दोघी रोज दहा मिनिटं मराठी मुलांना कन्नड आकडे शिकवतात. मीही खाली बसते. चुकले की मेंढी माझ्याकडे मान हलवून बघते.

२६ जुलै, शुक्रवार

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. मला दहा मिनिटं मिळाली, मी पाट्यांचे फोटो दाखवले. अपेक्षेप्रमाणे चर्चा २०१९ वर गेली. तेव्हा बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' अशी मांडणी आली होती आणि राज्यभर गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे शब्द लहान मुलांना जड जातात, हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. मी तेव्हा नोकरीत नवी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले 'वीस एक'चे विनोद मीही पुढे पाठवले होते. आज त्याची खंत वाटते. त्या ज्याबद्दल बोलत होत्या तो मुलगा माझ्या वर्गात बसलेला होता आणि मी त्याला फुली मारत होते.

एक सर म्हणाले, "मग भाषाच बदलायची का?" असं झालेलं आहे हे मी सांगितलं. नॉर्वेने १९५१ साली ठरवून क्रम बदलला आणि शाळेत दशक आधी बोलायला सुरुवात केली. जर्मन भाषेत आजही आपल्यासारखं एकक आधी, आणि तिथली मुलंही आपल्या मुलांसारखीच अंकांची अदलाबदल करतात.

माझं मत मी तिथेही सांगितलं, इथेही लिहिते. सत्तेचाळीस सोडायचे नाहीत. मुलाची आई दुकानात सत्तेचाळीस म्हणते, कंडक्टर सत्तेचाळीस म्हणतो. मुलाला ते कळायलाच हवेत. पण तिथवर न्यायला काही महिने 'चाळीस आणि सात' हा पूल हवा, आणि तो पूल बांधायला लाजायचं नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

पूल बांधला आणि त्यावरून घसरलो.

गेला आठवडाभर आम्ही "चाळीस सात, म्हणजे सत्तेचाळीस" असं दोन्ही म्हणतोय. आज पाटीवर लिहायला सांगितलं. मोळीसह तिघांनी ४०७ लिहिले. चाळीस ऐकलं, ४० लिहिले. सात ऐकलं, ७ लिहिला. पुन्हा तंतोतंत माझंच बोलणं!

या वेळी फुली मारली नाही. "चारशे सात काड्या आणायच्या झाल्या तर किती मोळ्या लागतील?" असं विचारलं. मोळीने बराच विचार केला. "लय. गाडी लागंल."

घरी जाऊन जुन्या लग्नपत्रिका काढल्या. त्यांचा पुठ्ठा जाड असतो. १० ते ९० ची लांब कार्डं केली, १ ते ९ ची त्याच्या निम्म्या रुंदीची. ४० चं कार्ड खाली, त्याच्या उजव्या टोकावर ७ चं कार्ड ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि ४७ दिसतात. सात उचलला की शून्य परत.

९ ऑगस्ट, शुक्रवार

कार्डं दिली. पहिला प्रश्न भोवऱ्याचा: "शून्य गेलं कुठं?" कार्ड उचलून बघितलं. "सातच्या पोटाखाली लपलंय." दिवसभर हाच खेळ. ४०७ आज एकदाच दिसले, त्या मुलीने आपणहून कार्डं लावून पाहिली आणि पाटी पुसली.

हे साधन माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, कितीतरी शाळांत वापरतात. माझं फक्त एवढंच की ४०७ दिसल्यावर ते काढलं. जूनमध्येच दिलं असतं तर मुलांनी ते नुसतं सरकवत बसून खेळलं असतं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

महिनाभर दर गुरुवारी मी अर्धा तास अंगणवाडीत बसते आणि ताई अर्धा तास माझ्या वर्गात येतात. आम्ही दोघींनीच हे ठरवलं. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकच धरलाय. आमच्याकडे त्या टप्प्याच्या मध्ये एक भिंत आणि दोन वेगळी खाती आहेत. भिंतीला दार आहे, ते उघडं ठेवायचं एवढंच आमच्या हातात.

ताईंकडून शिकतेय. चार वर्षांचं मूल 'एक, दोन, तीन' गाण्यासारखं म्हणतं आणि बोट मागे राहतं. पाच बिया असल्या तरी मोजणी आठवर जाते. मी असते तर पुन्हा म्हणून घेतलं असतं. ताई म्हणून घेत नाहीत. खाऊच्या वेळी एका मुलाला सांगतात, "आज आलेत तेवढ्यांना ताटल्या आण." तो जातो, तीन आणतो, दोघं रिकामे राहतात. ते दोघं ओरडतात. तो पुन्हा जातो. मोजणं चुकलं हे ताईंना सांगावं लागत नाही, रिकामा बसलेला सांगतो. दहा दिवसांत तो निघायच्या आधी डोकी मोजायला लागला, आणि बोट आता प्रत्येक डोक्यावर थांबतं.

फाशावरचे ठिपके न मोजता ओळखणं, सागरगोट्यांत मुठीत किती आले ते बघताक्षणी सांगणं, हेही त्या मुद्दाम करून घेतात. पाचपर्यंत तरी नजरेने यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या पहिलीतल्या ज्या दोन मुलांना अजून प्रत्येक बेरीज एकपासून मोजावी लागते, त्या दोघांचा खाडा अंगणवाडीत फार होता. ताईंच्या जुन्या हजेरीवरून आज कळलं.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. परदेशी महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या बिया, शिंपले, पानं त्यांनी मुलांच्या हातात दिली. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. अंगणवाडी हा शब्द आपण आज रोज उच्चारतो, त्याच्या मुळाशी या दोघींचं काम आहे. आमच्या ताईंनी त्यांच्याबद्दल प्रशिक्षणात ऐकलंय, पण त्यांची चिंचोक्यांची बरणी त्याआधीपासूनची आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

भोवऱ्याच्या आजीला वर्गात बोलावलं होतं. शाळेत कधी गेलेल्या नाहीत. येताना नातवाच्या डोक्यावर कडबा देऊन आल्या. मी "मोजून दाखवा" एवढंच म्हणाले.

पाच पेंढ्या बाजूला टाकल्या: "ह्यो पाचुंदा." असे चार पाचुंदे झाले की एक खडा ठेवायचा: "ही एक ईस." अशा तऱ्हेने त्या मोजत गेल्या. आम्ही काड्यांना पेंढ्या समजून त्यांना ६७ दिल्या. दोन मिनिटांत उत्तर: "तीन इसा आन सात."

मुलं गप्प झाली. मग मोळी म्हणाला, "आजी, तुमची मोळी वीसची!" आजींना त्याचं बोलणं पटकन उमगलं, कारण त्यांच्या हिशेबात ते होतंच. मग वर्गात वाद: तीन इसा म्हणजे आपल्या किती मोळ्या? बांगडीने प्रत्येक ईस सोडून दोन-दोन मोळ्या बांधल्या. सहा. आणि सात सुटे. सदुसष्ट. मेंढी म्हणाली, "अरवत्तेळु." एकाच ढिगाला तीन नावं आणि तिन्ही बरोबर.

आजी जाताना मला विचारून गेल्या, "पोरांना दिडकी-अडीचकी शिकवता का न्हाई आता?" पावकी, निमकी, दिडकी, औटकी, हे अपूर्णांकांचे पाढे. औट म्हणजे साडेतीन. त्यांच्या वडिलांना येत होते म्हणे. नाही शिकवत म्हणाले. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द मुलांच्या घरात आहेत, तर त्यांना वर्गात जागा द्यायला हवी. पुढच्या वर्षी.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पहिलं सत्र संपत आलं. जूनचेच दहा आकडे, क्रम बदलून. अदलाबदल: सत्तेचाळीसला दोन जण, त्रेसष्टला एक. बावन्न कोरं कुणाचंच नाही. एकोणतीसला अजून तीन ३९.

म्हणून आज फक्त एकोण. शंभर मण्यांची माळ, दहा लाल दहा पांढरे अशी ओवलेली. तीसवर चिमटा लावायचा, मग एक मणी 'उणा' करायचा. 'उणं' हा शब्द मुलांना येतो, "मीठ उणं झालंय" असं घरी म्हणतात. एक उणा तीस, एकोणतीस. मग चाळीसवर, पन्नासवर. मुलांच्या लक्षात आलं की एकोण ऐकलं की पुढच्या चिमट्याजवळ जायचं आणि एक पाऊल मागे यायचं.

माळेच्या टोकाशी आल्यावर बांगडीने विचारलं, "बाई, मग नव्व्याण्णव का? एकोणशंभर का नाही?"

मला कधीच न पडलेला प्रश्न. १९ पासून ८९ पर्यंत सगळे एकोण, आणि ९९ एकटाच वेगळा. मी म्हणाले, तू म्हणतेस ते नियमाला धरून आहे, पण लोक नव्व्याण्णव म्हणतात. तिने वहीत दोन्ही लिहिलं. आठवडाभर वर्गात एकोणशंभर चालणार आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर निवडणुकीचं काम. शाळा आजच नीट लागली. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. दुसरीतले दोघं गेले, त्यांत मोळी. त्याला आजीकडे ठेवा, हंगामी वसतिगृहाचं बघू, असं मी त्याच्या आईला दिवाळीआधी दोनदा सांगितलं होतं. धाकटी बहीण वर्षाची आहे, आईवडील फडात गेल्यावर कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) तिला सांभाळायला कुणी नाही. त्या माउलीकडे उत्तर होतं, माझ्याकडे नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. त्याला मण्यांची एक माळ आणि लग्नपत्रिकेची कार्डं दिली. "बहिणीच्या तोंडात मणी जाऊ देऊ नको" एवढंच बजावलं. अभ्यास कर असं म्हणवेना.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

तीन अंकी संख्या. १०७ आणि १७० यांत गोंधळ, पण फार नाही. कार्डांना शेकड्याचं लांब कार्ड जोडलं, मुलांनी ते स्वतःच कापलं. दहा मोळ्यांना काय म्हणायचं यावर मतदान घेतलं. 'गाडी' जिंकली. आता एक गाडी, चार मोळ्या, सात सुटे. ज्याने शब्द दिला तो इथे नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मेंढी आता मराठीत सत्तेचाळीस म्हणते आणि ४७ लिहिते. मध्ये ओठ हलतात. विचारलं तर म्हणाली, आधी कन्नडमध्ये सांगते. कुणाला? "मलाच." ते ओठ हलणं थांबवायला जायचं नाही, हे सरांनाही सांगून ठेवलं. पुढच्या वर्षी ती त्यांच्या वर्गात असेल.

तिच्या आजोबांनी परवा निरोप पाठवला, की पोर आता संध्याकाळी वाड्यात मेंढरं मोजून वहीत लिहिते आणि एक कमी आलं की झोपत नाही.

२० मार्च, गुरुवार

यंदा हंगाम लवकर आटोपला. मोळी आज शाळेत आला. उंच झालाय, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे आहेत. चारेक महिने पाटी नाही. त्याला बसवून लगेच तपासावं असं मनात आलं होतं, ते टाळलं. दुपारपर्यंत तो नुसता बसून होता. 'गाडी' हा शब्द ऐकल्यावर तेवढा हसला.

सुट्टीनंतर खिशातून माळ काढली. मळलेली, एका ठिकाणी गाठ मारलेली. "तुटली होती. तीन मणी गेले." तोंडात गेले का, असं मी घाबरून विचारलं. नाही, कोपीच्या मातीत हरवले, शोधले पण सापडले नाहीत.

मग मी विचारलं, आता माळेत किती आहेत? त्याने मोजले नाहीत. टोकाच्या पांढऱ्या मण्यांवर बोट ठेवलं, सातच होते. "सत्त्याण्णव."

पाटी त्याने आपणहून ओढली. सात लिहिला. खडू तसाच धरून थांबला, माळेकडे बघितलं, मोळ्या पुटपुटत मोजल्या. तळव्याने सात पुसला आणि ९७ लिहिले. मग बराच वेळ पाटी हातात धरून बसला, मी येऊन बघेन म्हणून.

तीन मणी आणून ठेवलेत. उद्या तो स्वतः ओवणार आहे.